इलियासचा बाजा

निजामाच्या राज्यात सिनेमा अजून मुका होता, तेव्हाची ही गोष्ट. मोमिनाबादच्या छावणीतला एक गोरा सोल्जर जाताना इलियासला आपला माउथ ऑर्गन देऊन गेला. इलियास पिंजाऱ्याचा पोरगा. पिंजणं सोडून त्याने बाजा तोंडाला लावला तो लावलाच. घरच्यांनी हात टेकले. पुढे एका तंबूवाल्या सिनेमाने त्याला उचललं. पडद्यावर घोडा दौडला की बाजा दौडायचा, नायिका रडली की बाजा रडायचा.

तंबूच्या मधोमध पडदा. अलीकडे पुरुष, पलीकडे बायका. तिकडून चित्र उलटं दिसायचं, पण तक्रार कुणाचीच नसे. रडायला काय, चित्र कुठूनही चालतं!

इलियासचं मन परळीच्या हाफिजावर जडलं होतं. तिचे वडील कय्युमचाचा फळं विकायचे. मागणी गेली, तर ते म्हणाले, "पत्र्यात फुंकर मारून पोट भरत न्हाई."

"एक डाव ऐकून तरी बघा," इलियासने निरोप धाडला.

शिवरात्रीच्या जत्रेत तंबू परळीला आला आणि चाचा खरंच पहिल्या रांगेत बसले, मांडीवर संत्र्यांची टोपली घेऊन. हाफिजा आणि तिची आई हमीदा पडद्यापलीकडे होत्या.

पडद्यावर नवरीच्या पाठवणीचा प्रसंग आला. इलियासची सारी भिस्त याच प्रसंगावर होती. नेमके तेव्हाच चाचांनी डोळे रोखले. झालं! इलियासच्या तोंडाला कोरड पडली. कोरड्या ओठांवर बाजा सरकेना. दोन सूर किरकिरले आणि बंद. पडद्यावर नवरी रडत होती, तंबूत लोक खोकत होते. हाफिजा हातची गेली, असंच इलियासला वाटलं.

तेवढ्यात पलीकडून हमीदाचाची कडाडल्या, "बाजा कावून बंद पाडला? आमी हितं पदर भिजवायला बसलोय, अन् ह्याला आत्ताच थांबायचं व्हतं!"

बायकांनी एकच गलका केला. चाचा उठले. इलियासने मान खाली घातली. चाचांनी शांतपणे संत्रं सोललं आणि एक फोड त्याच्या तोंडात कोंबली.

"ओठ वले कर अन् वाजव बे. चाचीला आजच रडून घिऊ दे. हाफिजाच्या पाठवणीला तुला कुठं वाजवता येणार? नवरदेव असशील तू."

इलियासने फोड गिळली न गिळली तोच बाजा लावला. पडद्यावर नवरी हमसून रडत होती आणि गडी वरातीची चाल वाजवत सुटला. पलीकडून हमीदाचाची पुन्हा ओरडल्या.