पाणी निघालं का?

कळंबला, पुणे-नाशिक रस्त्याला लागून, कन्हैयालाल शेठजींचं पाण्याच्या मोटरींचं दुकान आहे. पुढे विक्री, मागे दुरुस्तीचं शेड आणि दोन्हीच्या मधे काउंटर. त्या काउंटरमागे गेली नऊ वर्षं गुलशन बसते. ही गोष्ट तिची आहे. तिला वाईट म्हणायचं का, ते ज्याचं त्याने ठरवावं. पण ठरवताना सोमवार विसरू नये.

शेतीची थ्री-फेज लाईट इकडे एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाळी बदलते सोमवारी, आणि दुकान बंद रविवारी. त्यामुळे ज्याची मोटर शनिवारी जळली तो, ज्याला आजपासून दिवसाची लाईट आहे तो आणि ज्याला नुसतंच भांडायचं आहे तो, अशी सगळी जत्रा सोमवारी सकाळी नऊला काउंटरवर. दोन फोन, एक वही आणि तोंडं चाळीस. "बाई, आमची मोटर कवा?" "आमी शुक्रवारी दिली व्हती, त्याची आधी कशी झाली?" पारगावच्या एका ऊसवाल्याने तर एकदा जळकी कॉइलच तिच्यासमोर आपटली होती. रविवारी दुपारपासूनच गुलशनला घास उतरायचा नाही. तिची मुलगी यास्मिन म्हणायची, "अम्मी, मरायचं तर उद्या मर ना, आज सुट्टी आहे."

मागच्या शेडमध्ये दिलावर मिस्त्री. त्रेसष्टीचे, जुन्नरचे, रोज एसटीने येऊन-जाऊन असायचे. जळकी मोटर उघडायची, तांब्याची नवी तार हाताने भरायची, हे काम त्यांनी या शेडमध्ये सत्तावीस वर्षं केलं. गुलशनचा नवरा गेला तेव्हा शेठजींपुढे उभं राहून, "ही माझ्या मुलीसारखी, हिला बसवा," असं म्हणत तिला त्या खुर्चीवर बसवलं तेही त्यांनीच. सोमवारी आवाज फार चढला की ते हात पुसत बाहेर यायचे. "वरडू नका राव, बाईनं न्हाई जाळली तुमची मोटर," एवढंच म्हणायचे आणि गर्दी थोडी निवायची.

दिलावरांचा एक हेका होता. मोटर भरली, वार्निश वाळलं, चालवून पाहिली, गिऱ्हाईक घेऊन गेलं, तरी काम झालं असं ते म्हणत नसत. शेतात पाणी निघालं असा निरोप आला की मगच वहीतल्या ओळीवर काट मारायची. निरोप नाही आला तर स्वतः फोन लावायचे. तळेघरच्या अंगाला रेंज नाही. तिकडचा माणूस बाजाराला खाली उतरेल तेव्हा सांगणार, आठ दिवसांनी नाही तर पंधरा. तोवर ओळ उघडी राहायची. वहीतल्या उघड्या ओळीने कुणाचं काही बिघडत नव्हतं.

मग शेठजींचा मुलगा हितेश पुण्याला डीलरांच्या मेळाव्याला गेला आणि ॲप घेऊन आला. प्रत्येक मोटरचं एक कार्ड. कुणाचं काम, कुणाकडे दिलं, कधीपर्यंत द्यायचं. 'झालं' दाबलं की कार्ड हिरवं, न दाबता वेळ टळली की लाल. काउंटरमागच्या भिंतीवर त्याने मोठा टीव्ही लावला, त्यावर सगळी कार्डं. गिऱ्हाइकाने विचारायचं नाही, वर बघायचं.

आणि खरं सांगायचं तर जादू झाली. पहिल्याच सोमवारी लोक टीव्हीकडे बघत उभे राहिले. आपलं नाव सतराव्या नंबरला दिसलं की माणूस चहा प्यायला जायचा. गुलशन आलेलं काम कार्डात भरायची, तारीख टाकायची, मिस्त्रीकडे ढकलायची. अकराच्या सुमाराला काउंटर मोकळा! तिचा विश्वास बसेना. पुढच्या रविवारी तिने मटण केलं आणि दोनदा वाढून घेतलं. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला रविवार मिळाला होता. त्या ॲपवर तिचा जीव जडला, तर त्यात नवल नाही.

दिलावरांचा फोन जुना, काच तडकलेली आणि नजर तारेसाठी राखून ठेवलेली. त्यांची कार्डं गुलशनच दाबायची. पहिल्या आठवड्यात तिने आपणहून विचारलं, "चाचा, भिकाची मोटर काल गेली. 'झालं' दाबू?"

"तळेघरचा भिका? पानी निघालं का त्याचं?"

"तिकडं रेंज कुठं आहे?"

"मंग झालं कसं म्हनायचं? ऱ्हाऊ दे."

तसंच राहिलं. एक राहिलं, पाच राहिली, अकरा राहिली, सगळी बिनरेंजच्या गावांची. दुसरा मिस्त्री जानकू मोटर जीपमध्ये चढायच्या आत हिरवं दाबायचा. त्याच्या मोटरी आठ दिवसांत परत यायच्या. पण परत आलेल्या मोटरचं कार्ड नवं व्हायचं आणि तेही तो हिरवं करायचा. भिंतीवर जानकूचा रकाना हिरवागार आणि दिलावरांचा लाल. गिऱ्हाइकं बोलायला लागली, "म्हाताऱ्याकडं नगं, जानकूकडं द्या." ज्या माणसाच्या हातून भरलेली मोटर दहा-दहा वर्षं चालली, त्याला लोक रंगावरून नावं ठेवू लागले. शहाणपण असं भिंतीवर टांगलं की ते वाचायला डोकं लागत नाही.

हितेशने शनिवारी सगळ्यांना उभं केलं. तो कधी आवाज चढवत नाही, फार गोड बोलतो. "महिनाअखेरीला ज्याचं लाल जास्त असेल, त्याचा विचार करावा लागेल. आणि ज्याने काम न होता हिरवं दाबलं, त्याचंही नाव मला दिसतं, बरं का." शेवटचं वाक्य बोलताना त्याने जानकूकडे नाही, गुलशनकडे बघितलं. दाबणारं बोट तिचं होतं ना.

महिना संपायला एक दिवस होता. जेवायच्या सुट्टीत दिलावर काउंटरशी आले. तारेने चिरलेली बोटं त्यांनी काचेवर टेकवली आणि इकडेतिकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा माणूस कुणाकडे काही मागायला आला नव्हता.

"गुलशन, दाब."

"काय, चाचा?"

"समदी दाब. हिरवी कर." त्यांनी मान खाली घातली. "या वयात दुसरीकडं कोन घेनार? जुन्नरला घरी बसून करू काय? मोटरी चांगल्या गेल्यात, तुला ठावं हाय."

तिला माहीत होतं. अकरापैकी दहांनी तरी पाणी उपसलं असणार, हे तिला डोळे मिटून सांगता आलं असतं. एक बोट, अकरा वेळा, अर्धं मिनिट. पण हितेशची ती नजर तिला आठवली. तिला सोमवार आठवला, जळकी कॉइल आठवली. खुर्ची गेली तर? आणि तिच्या तोंडून जे आलं ते असं.

"पाणी निघाल्याबिगर कसं दाबू, चाचा? तुम्हीच म्हणता ना."

दिलावरांनी तिच्याकडे बघितलं. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "बरूबर हाय," म्हणाले, आणि काचेवरचे आपल्या बोटांचे ठसे बाहीने पुसून मागे गेले.

दोन दिवसांनी हितेशने त्यांना शाल आणि नारळ दिला. "चाचा, आता आराम करा. तुमच्यासारखी माणसं मिळत नाहीत." टाळ्या वाजल्या. गुलशननेही वाजवल्या. दिलावरांनी आपली पक्कड आणि वार्निशचा ब्रश पिशवीत घातला, शाल त्यावर कोंबली आणि ते साडेपाचच्या एसटीसाठी निघाले. तिच्या काउंटरवरून जाताना थांबले. तिला वाटलं, आता बोलणार. ते म्हणाले, "त्या अकरांचे फोन आले तर मला कळव."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. दांड्याला काय वाटतं, ते कुणी विचारत नाही.

सोमवारी सकाळी तिने ॲप उघडलं आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. माणूस काढला की त्याची कार्डं कुठेतरी जावी लागतात. हितेशने ती तिच्या नावावर टाकली होती. स्वच्छ हिरव्या भिंतीवर, 'गुलशन' या नावाखाली, अकरा लाल. समोर गर्दी जमत होती. तिने एकाला फोन लावला, लागला नाही. दुसऱ्याला लावायचा विचार केला. मग लावला नाही.

तिने अकराच्या अकरा दाबली. पाणी निघालं की नाही, कुणाला विचारलं नाही. अर्धं मिनिट लागलं.

हितेशने बघितलं. आठवड्याभरात एवढी जुनी कामं निकालात निघाली म्हणून उलट खूषच झाला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुकानाच्या ग्रुपवर गुलशनचा फोटो आला: हातात प्रेशर कुकर, खाली 'महिन्याची मानकरी'. अंगठे आले, फुलं आली. ती फोटोकडे बघत होती, तेवढ्यात काउंटरवर कुणीतरी धापा टाकत मोटर ठेवली.

तळेघरचा भिका. पहाटे निघून, दोन जीपा बदलून, ती धूड मोटर घेऊन खाली उतरला होता.

"बाई, दीड महिना झाला. मोटर फिरती, पन पानीच उचलत न्हाई. ओढ्यात पानी हाय आन माझा गहू उभा वाळला. मिस्त्री कुठं हायेत? दिलावर मिस्त्री?"

मोटर फिरते पण पाणी उचलत नाही. नऊ वर्षांत दिलावरांना हे फोनवर सांगताना तिने शेकडो वेळा ऐकलं होतं: उलटी फिरतीय, दोन वायरी बदलून लाव, निघंल पानी. मोटर इथवर आणायचीच नव्हती. गव्हाला महिन्यापूर्वीच पाणी मिळालं असतं, जर कुणी बाजाराला उतरणाऱ्या एखाद्याकडून त्याचा निरोप मागवला असता.

तिचा फोन वाजला. दिलावरांना ग्रुपमधून काढायचं कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. जुन्नरला कुणाकडून तरी लिहून घेतलं असणार. 'मुबारक बेटी. बाकीचे बाजाराला उतरले तसे मी फोन केले, दहांचं पाणी निघालं. भिकाचा लागत नाही. त्याचं पाणी निघालं का?'

भिका समोर उभा होता. घामाने ओला, आशेने तिच्याकडे बघत.

गुलशनने लिहिलं, 'हो चाचा. निघालं.'

लगेच उत्तर आलं. 'शुक्र आहे. मग झालं माझं काम.'

तिने फोन पालथा ठेवला. वायरींचं ती भिकाला सांगणार होती, जीभ वळलीही होती. पण मग तो विचारणार, हे महिन्याभरापूर्वी का नाही सांगितलं, आणि मागे रांग होती, आणि भिंतीवर सगळं हिरवं होतं.

"बसा, पावणं," ती म्हणाली. "नवं कार्ड करते. जानकू बघेल."