लेकीने सांगितलेलं ओस्लो

वेलदोडा कुटला की मला ओस्लो आठवतं, जिथे मी कधी गेलेलो नाही. माझी मुलगी एका उन्हाळ्यात तिथल्या प्रवाशांच्या हॉस्टेलच्या बारमध्ये कामाला होती आणि येताना वेलदोड्याचे बन घेऊन आली. इंग्लंडमधल्या आमच्या रीडिंग गावच्या मित्रमंडळींत मी मात्र ‘इंटर्नशिप’ सांगून ठेवलं होतं. एकदा बायकोसह चहाला आलेले एक डॉक्टर मित्र मुलीला म्हणाले, “आम्ही जूनमध्ये ओस्लोला चाललोय. हॉटेलं फारच महाग आहेत गं.” ती म्हणाली, “काका, हॉस्टेलची फॅमिली रूम बुक करा. चादरी घरून न्या, नाहीतर भाड्याने घ्याव्या लागतात. आणि बारमधली बिअर महाग, दुकानातून घ्या. पण शनिवारी सहाच्या आत, नंतर दुकानात विकत नाहीत, आणि काकू ओरडणार नसतील तरच!” सगळे हसले. “तुला गं बारचं एवढं कसं माहीत?” काकूंनी विचारलं. ती माझ्याकडे बघू लागली. माझं खोटं ती सांभाळत होती, हे मला सहन होईना. “ती तिथे बारमध्ये काम करायची,” मी म्हणालो, “इंटर्नशिप मी रचलेली. मला लाज वाटत होती.” डॉक्टरांनी खिशातून पेन काढलं. “थांब, लिहूनच घेतो. पहिल्यापासून सांग.” ती अर्धा तास बोलत होती आणि सगळे ऐकत होते. आता मुलगी काय करते असं कुणी विचारलं, की मी त्या बारपासूनच सुरुवात करतो, आणि जरा मोठ्यानेच सांगतो.