क्लचची मूठ

माझ्या दादाला सगळं मुळातलं लागतं. वहिनीने घड्याळाचा पट्टा बदलला, तर जुना कुठे टाकलास म्हणून दिवसभर डोकं खातो. लोकांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात त्याची हयात गेली आणि त्या कामात त्याचा हात धरणारा कुणी नाही, हे मी मान्य करते. पण जुन्या गाड्या बाळगणाऱ्या हौशी मंडळींनी त्याची पाठ थोपटली, तेव्हापासून स्वारीचे पाय जमिनीला लागेनात.

खाली गॅरेजात बाबांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार पडून होती. कारखान्यात बाबांचा डावा, क्लच दाबायचा पाय गेला, तेव्हा सगळे म्हणाले, विकून टाका. बाबांनी उलट खटपट करून गिअरच्या दांड्यालाच क्लचची मूठ बसवली, स्कूटरला असते तशी, आणि तिची केबल तळाच्या पत्र्याला भोक पाडून खाली नेली. मूठ आवळायची, त्याच हाताने गिअर टाकायचा. आम्ही शाळेत याच गाडीतून जायचो, दादा सीटवर आणि मी त्याच्या मांडीवर.

पुढे इंजिनाने मान टाकली. यंदा बाबा दादाला म्हणाले, "चालती करून दे. मला ती एकदा स्वतः चालवायची आहे."

दादाने मनावर घेतलं. सीटखालून उंदरांची घाण निघाली, कुजलेल्या गादीचा वास जिन्यापर्यंत यायचा, पण ती घाण परवडली. मला वीट आला तो दादाचा. एकेका स्क्रूसाठी तो परदेशात फोन लावायचा, स्क्रू हाती आला की तो गालाला लावून बसायचा, आणि वरच्या मजल्यावर बाबांकडे दोन मिनिटं डोकवायला मात्र त्याला फुरसत नव्हती.

गाडी झाली त्या दिवशी ती हौशी मंडळीही बघायला आली. बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून कुबडीवर खाली उतरले. मी हात दिला, ते स्टिअरिंगमागे बसले आणि त्यांचा डावा हात सवयीने गिअरवर गेला. बोटं चाचपडत राहिली. तिथे नुसता गुळगुळीत गोळा होता.

"मूठ काढली, बाबा," दादा हौसेने म्हणाला. "ती मूळची नव्हती ना. भोकसुद्धा बुजवलंय. शोधून दाखवा."

मंडळी खरंच वाकून भोक शोधू लागली. सापडेना, तशी वाहवा सुरू झाली. मला शिसारी आली. मूठ कुठे आहे, मी विचारलं. भंगारात गेली होती.

"अरे, ते गाडी चालवणार कशी?"

"त्यांना आता कुठे चालवायचीय? मी फिरवीन की."

बाबांनी वाकून तळाच्या पत्र्यावरून हात फिरवला. बराच वेळ फिरवला.

"छान बुजवलंस," ते म्हणाले आणि कुबडीसाठी त्यांनी माझ्याकडे हात केला.

ते पुरते उभेही राहिले नव्हते, तोच दादाने खिशातून फडकं काढलं आणि गिअरवरचे त्यांच्या बोटांचे ठसे पुसून घेतले.