दोनशे छप्पनचं शून्य

ऑफिसात माझ्या वाट्याला एकच प्रोग्रॅम आला आणि तो मला पुरून उरला. सी भाषेतला, जुनापुराणा. रक्ततपासणीचे रिपोर्ट लॅबमधून हॉस्पिटलांना पाठवायचे, एवढंच त्याचं काम. प्रत्येक लॅबसाठी तो एक छोटा प्रोग्रॅम सुरू करतो आणि तो छोटा काम संपवून जाताना एक आकडा सांगून जातो. शून्य म्हणजे झालं. दुसरं काहीही म्हणजे बिघडलं. कंटाळा यावा इतकं साधं.

सकाळी सातला स्क्रीनवरचं शून्य बघायचं, वहीत ‘झालं’ लिहायचं आणि सही करायची, हे काम माझ्या शेजारी बसणारीचं. ती दिंडोशीहून मालाडला यायची. दुपारी वडिलांना डायलिसिसला न्यायचं असल्यामुळे तिला सकाळचीच पाळी लागायची.

एकदा कळलं की एका लॅबचे तीन दिवसांचे रिपोर्ट गेलेच नाहीत. वहीत मात्र तिन्ही दिवस ‘झालं’ आणि खाली तिची सही. साहेबांनी तिला सोमवारपासून दुपारच्या पाळीला टाकायचं ठरवलं. म्हणजे तिला नोकरी सोडावी लागणार, हे आम्हा सगळ्यांना कळत होतं.

“शून्यच होतं रे,” ती मला म्हणाली.

“नीट बघितलं होतंस ना?” मी विचारलं. एकदा नाही, तीनदा. वाटलं, दमलीय बिचारी, चुकली असेल नजर. मीही दमलेलोच होतो, आणि दमल्यावर दुसऱ्याची चूक पटकन पटते.

शुक्रवारी, कुणी विचारलंच तर सांगायला काही असावं म्हणून कोड उघडला. छोट्या प्रोग्रॅमने ‘एक’ सांगितला होता, म्हणजे बिघडलंच होतं. पण सिस्टिम तो एक सरळ हातात देत नाही. ती तो वरच्या घरात ठेवते; दशकाच्या घरातला एक जसा दहा होतो, तसा त्या घरातला एक दोनशे छप्पन होतो, आणि अख्खा आकडा वाचला तर तोच दिसतो. त्यातून तो एक आपण काढून घ्यायचा असतो. मी न काढता दोनशे छप्पनच पुढे ढकलला होता, आणि पुढे जागा दोनशे पंचावन्नपर्यंतचीच. जुन्या स्कूटरच्या मीटरवरचे सगळे नऊ संपले की पुन्हा शून्यं येतात, तसं झालं. तिला दिसलं ते शून्यच होतं. ती ओळ मी लिहिलेली, ती नोकरीला लागायच्याही आधी. मला स्वतःची लाज वाटली.

साहेबांना सांगितलं. “बरं, दुरुस्त कर,” एवढंच म्हणाले. तिची पाळी वाचली.

तिलाही सगळं समजावून सांगितलं.

“तू तीनदा विचारलंस,” ती म्हणाली आणि डबा उघडला.

आता मीही कांदिवलीहून सातच्या आत पोचतो. कुणी सांगितलेलं नाही. ती हाक मारते, “ये, तुझ्या डोळ्यांनी बघ.” मी उठतो, शून्य बघतो. ती ‘झालं’ लिहिते आणि सहीसाठी वही माझ्याकडे सरकवते.