रविवारीच तापणारी गाडी

जासईचे कमळाकरदादा रिटायर झाले, असं त्यांच्यासमोर म्हणून बघा! "कोण रिटायर? आमी रोज गाडीवर हाय," म्हणतील, आणि ते खोटंही नाही. मिठागरवाल्या घरातल्या या माणसाने एकतीस वर्षं कंटेनरचा ट्रेलर चालवला. गुडघ्याने दगा दिला तेव्हा सुकापूरच्या फ्लॅटमध्ये येऊन बसले आणि लेकीच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम खेळू लागले. टेबलाला स्टिअरिंग, पायाशी पेडल. बसण्याआधी स्टिअरिंगला नमस्कार करणार म्हणजे करणार.

लेक अंकिता दोन वर्षांपूर्वी नोकरीसाठी जर्मनीला गेली. आईने ठरवलेलं स्थळ नाकारून गेली, म्हणून हौसाबाईंनी तिच्याशी बोलणंच टाकलं. तिचा फोन आला की त्या उठून स्वयंपाकघरात. दादांचंही फोनवर "जेवलीस का"च्या पुढे गाडं जात नसे. पण रविवारी संध्याकाळी बापलेक इंटरनेटवरून एकाच गेममध्ये एकापाठोपाठ एक ट्रक काढत, आणि हात स्टिअरिंगवर असले की दादांना कंठ फुटे. दोन-दोन तास गप्पा!

आता नेमकं तेच बंद पडायला आलं होतं. तीन रविवार झाले, अर्ध्या तासात स्क्रीन काळी आणि कॉम्प्युटर ठप्प. "पप्पा, जाऊ दे. आपण फोनवरच बोलत जाऊ," शेवटी अंकिता म्हणाली. दादांना ते पटेना. फोनवर काय बोलणार, कपाळ?

कॉम्प्युटर काखोटीला मारून ते नाक्यावरच्या धनेशच्या दुकानात गेले. धनेशने पंखे साफ केले, रॅम बदलून पाहिली, पॉवर सप्लाय तपासला. त्याच्याकडे गेम चार तास चालला, मशीन शिंकलंसुद्धा नाही.

"काका, ठणठणीत आहे हे."

"मग घरी येऊन नखरे का करतं?" दादा उखडले. "सोमवार ते शनिवार गुपचूप चालतं, आणि रविवारीच अंगात येतं त्याच्या!"

धनेश हसला. स्क्रीनच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसेल अशी सोय त्याने करून दिली. "नव्वदच्या वर गेलं की बंद पडणार, एवढं ध्यानात ठेवा."

हे मात्र दादांच्या भाषेतलं बोलणं होतं. चौथ्या रविवारी एक डोळा रस्त्यावर, एक आकड्यावर. सत्तर. अंकिता तिच्या लाल ट्रकमधून ऑफिसातलं काहीतरी सांगत होती, दादा हूं हूं करत होते. ऐंशी. सत्त्याऐंशी! गाडी तापली की रेडिएटरसमोर काय अडकलंय ते आधी बघायचं, हे एकतीस वर्षांचं शिक्षण. त्यांनी आपला ट्रक कडेला लावला आणि गुडघा धरून टेबलाच्या बाजूला वाकून पाहिलं.

खाली जमिनीवर हौसाबाई बसल्या होत्या. मांडीवर लसणाची परडी, आणि पाठ थेट कॉम्प्युटरच्या जाळीला टेकलेली. गेले तीन रविवार त्या तिथेच काम घेऊन बसत होत्या, दादांचं लक्षच गेलं नव्हतं. आज पाहिलं, तर परडीतली एकही पाकळी सोललेली नव्हती.

"पाठ दुखते माजी," हौसाबाई कुजबुजल्या. "गरम वाऱ्याचा शेक बरा वाटतो. दुसरं काय नाय."

"रविवारीच दुखते?"

त्या खाली बघून लसूण निवडू लागल्या. ओले डोळे मात्र लपेनात.

"पप्पा, कोण आहे तिथे?" स्पीकरमधून अंकिताने विचारलं.

"क्लीनर हाय माजा," दादा म्हणाले आणि शेजारी खुर्ची ओढली. "इथं वर बस गो. खाली बसून गाडी बंद पाडतेस."

हौसाबाई बसल्या. दादांनी ट्रक पुन्हा रस्त्यावर घेतला. थोड्या वेळाने पुढे लाल ट्रक दिसला.

"ती लाल तिची?"

"हां."

"मंग एवढी जोरात कशाला चालवते? सांगा तिला."

"तूच सांग. ड्रायव्हरशी बोलायचं नसतं."

हौसाबाईंनी पदराने तोंड पुसलं. "अंकिते, हळू चालव गो बाय."

लाल ट्रक कडेला गेला आणि इंडिकेटर लावून थांबला. स्पीकरमधून बराच वेळ नुसते हुंदके ऐकू येत होते, मग त्यातच हसू फुटलं. "हळूच चालवते, आई. तू जेवलीस का?"

दादांनीही गाडी तिच्यामागे उभी केली. त्या दिवशी दोन्ही ट्रक अडीच तास रस्त्याच्या कडेला उभे होते, आणि कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.