घंटागाडीचे गाणे

‘साहेबांना त्या घंटागाडीवालीची दया आली, म्हणून ती सुटली. पाटल्या तिनेच घेतल्या होत्या. भीतीपोटी परत केल्या.’ निवृत्तांच्या एका मेळाव्यात माझ्याच जुन्या सहकाऱ्याने हे ठासून सांगितले आणि लोकांनी माना डोलावल्या. मी उत्तर द्यायला उठलो, तर सूत्रसंचालकाने माईक दिला नाही. म्हणून लिहितो. त्या प्रकरणातील शब्द न् शब्द मला आजही आठवतो, आणि त्यात दयेला कुठेही जागा नाही.

धुळ्यात पारोळा रस्त्यालगतच्या एका वसाहतीतून सोन्याच्या दोन पाटल्या गेल्याची फिर्याद आली. घरमालक कुटुंबासह सकाळी देवळात गेले होते. दार नुसते लोटलेले. परतल्यावर कपाट पाहिले तर पाटल्या नाहीत. दुपारी ठाण्यात निनावी फोन आला, ‘घंटागाडीवालीला धरा.’ पाठोपाठ वरच्या मजल्यावरचा भाडेकरू आपणहून जबाब द्यायला हजर झाला. ‘घंटागाडीच्या गाण्याने मला जाग आली. गॅलरीत आलो, तर ती बाई खालच्या दारातून पदराखाली काही लपवत निघाली होती.’ जबाब सुरेख होता. इतके सुरेख जबाब मला कधीच आवडले नाहीत.

महिला शिपायासमक्ष मी त्या बाईकडे चौकशी केली. ठेकेदाराने तिला आधीच घरी बसवले होते. ती रडली नाही; चिडलेली होती.

“साहेब, बठ्ठी गल्ली माले वळखस. आते माले देखताच दार लाई लेतस. चोर म्हणीसन माले कामवर कोण ठेवी?”

त्याच सहकाऱ्याचा धोशा एकच: अटक दाखवा आणि मोकळे व्हा. मी सही केली नाही. दुसऱ्या सकाळी स्वतः त्या गल्लीत गेलो.

समोरच्या घरातल्या एक वृद्ध अक्का माझी वर्दी पाहताच बाहेर आल्या. महापालिका आणि पोलीस त्यांच्या लेखी एकच खाते होते; उशिरा आल्याबद्दल त्यांनी मलाच झापले.

“उनात का आते! काल मना बठ्ठा कचरा घरमाच राह्यना. वास मारी राह्यना.”

“अक्का, गाडी तर आली होती.”

“उनी व्हती, पन गाणं कुठे वाजनं? ड्रायव्हर ताट वाजाडी राह्यंता. माले वाटनं, भांडावाला उना!”

मी जागच्या जागी थबकलो. चालकाला गाठले. त्याने सीटखालचे पोचे आलेले स्टीलचे ताट काढून दाखवले. बाईने हे आधी का सांगितले नाही? कारण तिला कुणी विचारलेच नव्हते. मीही नाही.

भाडेकरूला पुन्हा बोलावले. चहा मागवला.

“गाणे नक्की ऐकलेत?”

“रोजचेच साहेब, स्वच्छतेचे. म्हणून दाखवू?”

“दाखवा.”

त्याने खरोखर दोन ओळी म्हटल्या. मी चालकाचे ताट टेबलावर ठेवले आणि पेनाने ठणठण वाजवले.

“काल हे वाजत होते. हे नाही ऐकलेत?”

त्याने कप खाली ठेवला. मग सगळे बाहेर आले. पाटल्या त्याने आदल्या संध्याकाळीच काढल्या होत्या. बाई गल्लीत कचरा उचलत होती, त्या वेळी हा पहाटेच्या बसने जळगावला पोहोचला होता. दुपारी परत येऊन केलेला निनावी फोनही त्याचाच. जळगावला नातेवाइकाच्या घरी, त्याच्या पेटीतून, पंचांसमक्ष पाटल्या जप्त झाल्या. तिसऱ्या दिवशी ती बाई गाडीवर होती, आणि अक्कांनी कचऱ्याची बादली तिच्या हाती दिली.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. दारात रोज येणाऱ्या माणसाकडे लोक पाहतच नाहीत. ती आली असणार, गाणे वाजले असणार, असे गृहीत धरतात. खोटे बोलणाराही त्याच भरवशावर बोलतो.

माझे सहकारी आता म्हणतील, सवयीने साक्षीदाराची चूक झाली असेल. सवयीने माणूस वार चुकतो, वेळ चुकतो. पण याने गाण्याने जाग आल्याचे लिहून दिले होते. महापालिकेच्या कार्यशाळेची नोंदवही मी स्वतः वाचली आहे: त्या गाडीचा भोंगा फिर्यादीच्या आदल्या दिवशी दुरुस्तीसाठी उतरवला होता, आणि त्या पूर्ण सकाळी तो टेबलावर उघडा पडलेला होता.