हवेचे तीन डबे आणि एक रिकामा

घरात पदवी घेतलेली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरी कुणाला सांगता येत नाही, आणि माझी चूकही कुणी काढत नाही. "हवेतले जंतू पकडून त्यांच्या डीएनएवरून नावं काढायची," असं मी सांगितलं, तर आई म्हणाली, "पकडून परत सोडणार ना?"

माझं स्वप्न मात्र मोठं आहे: रोग पानावर दिसण्याआधी तो हवेत ओळखायचा आणि शेतकऱ्यांना सांगायचा. म्हणून एका शनिवारी बॅटरीवरचा छोटा पंप, बर्फाची पेटी आणि चार गोल प्लॅस्टिकचे डबे घेऊन पुण्याहून एसटीत बसले. बाईमाणसाला अर्धं तिकीट. पेटीचं पूर्ण लागतं का, यावर कंडक्टरनं राजगुरुनगरपर्यंत विचार केला.

प्रत्येक डब्यात गाळणकागदाची एक चकती. पंप तिच्यातून हवा ओढतो, जंतू चकतीवर अडकतात. चौथ्या डब्यावर मी लिहिलं होतं 'रिकामा'. त्यातली चकती पंपाला लावायची नाही, फक्त उघडून बंद करायची. तिच्यावर जे सापडेल ते हवेचं नाही, माझ्या हातांचं. हा डबा बिघडला की बाकी तिन्हींवर कुणी विश्वास ठेवत नाही.

पहिला मुक्काम आंबेगावातलं मंचर. बाजारात कांद्याच्या ढिगाशेजारी पंप लावला. एक हमाल वाकून म्हणाला, "ताई, वास मोजताय व्हय?"

"हवेतले जंतू."

"मग आमच्या शेटजवळ लावा. लई निघतील."

तिथून नारायणगावला मिसळ (तिखट बेतानं सांगा, ते बेतानं घालत नाहीत) आणि जुन्नरवरून लेण्याद्री. पायऱ्या तीनशेच्या आसपास, पण पेटी हातात असली की दुप्पट. वर गणपतीला नमस्कार केला आणि तासभर काठी घेऊन माकडांपासून पंप राखला. सरबतवाल्या मावशी म्हणाल्या, "शिकून हेच करायचं व्हतं, तर आमची पोरं बिनशिकता करत्यात."

संध्याकाळी आळे गावात, मैत्रिणीच्या काकूंकडे. जेवायला मासवडी. इथे आलात आणि मासवडी न खाता गेलात तर प्रवास धरू नका. सकाळी काकांच्या टोमॅटोत पंप लावला. काका म्हणाले, "करपा येणार का न्हाई ते आधी कळलं, तर उगा फवारायचं वाचंल." माझ्या स्वप्नावर कुणीतरी विश्वास ठेवला होता. मी फुगून पुण्याला आले.

सोमवारी प्रयोगशाळेत 'रिकामा' उघडला. आत शेंगदाण्याचा लाडू. चकती त्याच्याखाली, जणू त्यासाठीच कापलेली.

काकूंना फोन लावला. "अगं, तू रानात गेल्तीस तवा बर्फाच्या पेटीत घावला. रिकामा डबा कसा लावून देऊ? घरात काय खायला न्हाई व्हय आमच्या? आन तू तर चिठ्ठी लावून सांगितलंस की, रिकामा हाय म्हणून!"

लाडू काढून नवी चकती ठेवली असती, तर कुणालाही कळलं नसतं. हा विचार मला पूर्ण लाडू संपेपर्यंत पुरला. मग माझ्या मार्गदर्शक मॅडमना सांगितलं. त्या बराच वेळ हसल्या, आणि मग न हसता म्हणाल्या, "तिन्ही नमुने टाकून दे. परत जा."

परत गेले. तोच हमाल, तीच माकडं. या वेळी पाच डबे. पाचवा पोचल्या पोचल्या काकूंच्या हातात दिला. "हा भरा. बाकीच्यांना हात लावू नका."

"एवढासाच?" त्या म्हणाल्या.

निकालाला इतके दिवस लागले, की आळ्याच्या चकतीवर करप्याचं नाव निघालं तेव्हा ठिपके पानांवर आलेच होते. मी शरमत काकांना फोन केला. ते म्हणाले, "पानांनी तुज्याआधी सांगितलं, पण नाव बराबर काढलंस. पुढच्या लागवडीला जरा लवकर ये." रिकाम्या डब्यात काहीच सापडलं नाही. काहीच न मिळाल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.

आणि पाचवा डबा? लाडू संपले, आईनं तो घासून पुसून ठेवला. काल उचलून पाहिला तर जड. आत चिवडा.

"काकूंचा डबा," आई म्हणाली. "रिकामा कसा पाठवायचा?"